ओट्याखालचा कोपरा हाताशी आला

मोदकपात्र आमच्या घरात होतं, ओट्याखालच्या कोपऱ्यात. तरी दोन वर्षं आम्ही शेजारच्या काकूंचं मोदकपात्र मागून आणत होतो. आईचं वय ७४, दोन्ही गुडघे दुखतात, जमिनीवर बसणं बंद झालंय. त्या कोपऱ्यातून काही काढायचं म्हणजे फरशीवर कुशीवर झोपून, एका हातात टॉर्च धरून, दुसरा हात खांद्यापर्यंत आत घालावा लागे. ते काम माझं. मी ऑफिसला गेले की कोपरा बंद. पुरणयंत्र, सोऱ्या, बिडाचं आप्पेपात्र, पितळेची दोन पातेली, मोठी परात असं सगळं तिथे होतं आणि हळूहळू आईने त्या भांड्यांचे पदार्थ करणंच सोडून दिलं. मला कोपऱ्यातल्या जागेपेक्षा त्याचं वाईट वाटत होतं.

आमची डोंबिवलीतली इमारत १९९६ सालची. ओटा एल आकाराचा, वर ग्रॅनाइट, खाली कडाप्प्याच्या उभ्या लाद्या, पुढे नंतर बसवलेली प्लायची दारं. असा ओटा ज्यांच्या घरी आहे त्यांना कोपरा कसा असतो ते सांगायला नको. दोन ओटे जिथे भेटतात तिथे आतली जागा मोठी, पण दार एकाच बाजूने. दारातून समोर दिसतो तेवढा भाग आपला, आणि डावीकडे वळून गेलेला भाग अंधाराचा. आमच्याकडे कोपऱ्याची आतली लांबी सव्वाएकोणचाळीस इंच. त्यातली दारासमोरची मोकळी फट पावणेसतरा आणि दुसऱ्या ओट्यामागे दडलेली जागा साडेबावीस. म्हणजे अर्ध्याहून जास्त कपाट न दिसणारं.

आधी किचन ट्रॉलीवाल्यांना बोलावलं होतं. दोघे येऊन गेले. दोघांचं म्हणणं एकच, की तयार मॅजिक कॉर्नर, म्हणजे कोपऱ्यातली भांडी बाहेर ओढून आणणारी सरकती ट्रॉली, या फटीत बसणार नाही, एक उभा कडाप्पा काढून ओट्याला नवा आधार द्यावा लागेल. आई दारात उभी राहून ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, "ओटा फोडायचा नाही. तुझ्या बाबांनी समोर उभं राहून बांधून घेतलाय." मी याआधी एक पुस्तकांचं शेल्फ आणि एक चपलांचा रॅक स्वतः केला होता. ड्रिल मशीन घरात होतं. म्हटलं, ओट्याला हात न लावता काय जमतं ते पाहू.

पहिला रविवार नुसता मापांत गेला. प्रत्येक माप तीन ठिकाणी घ्यायचं, वर, मध्ये आणि खाली, आणि त्यातलं सगळ्यात लहान खरं धरायचं. आमची फट वर सतरा इंच होती आणि खाली पावणेसतरा. मागची भिंत आणि पुढचा कडाप्पा यांच्यातलं अंतर एका टोकाला साडेएकवीस, दुसऱ्या टोकाला सव्वाएकवीस. कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हताच. प्लायवुडच्या दुकानात मी मापं मिलिमीटरमध्ये लिहून नेली, तर कटिंगवाले दादा म्हणाले, "ताई, इंच-सुतात सांगा, चूक होणार नाही." एका इंचाचे आठ सूत. ड्रॉवर ज्या धातूच्या पट्ट्यांवर सरकतो त्या चॅनेलला प्रत्येक बाजूला चार सूत जागा सोडायची, म्हणजे अर्धा इंच. दोन दिवसांत मला त्या भाषेची सवय लागली आणि पुढचं सगळं काम मी सुतातच केलं. पट्टीवर सूत डोळ्याला दिसतं, मिलिमीटरसाठी मला चष्मा लागतो.

डोक्यात पहिली कल्पना साधी होती. दारासमोर एक ड्रॉवर ठेवायचा, तो पुढे ओढला की मागे फट मोकळी होते, मग दडलेल्या जागेतला दुसरा ट्रे डावीकडून उजवीकडे सरकवून त्या फटीत आणायचा. कागदावर हे सुंदर दिसत होतं. तरी फ्रीजचा जुना खोका कापून मी दोन्हींचे पुठ्ठ्याचे खोके केले आणि आत ठेवून पाहिले. तेव्हा कळलं की पुढे आलेला ड्रॉवर बरोबर माणसाच्या आणि मागच्या ट्रेच्या मध्ये उभा राहतो. मागचं भांडं घ्यायला वीस इंचांच्या ड्रॉवरवरून वाकायचं. मला कसंबसं जमलं, आईला अजिबात नाही. दीड तास आणि एक खोका गेला, पण प्लाय कापल्यावर हे लक्षात आलं असतं तर सगळं लाकूड वाया गेलं असतं. या कामातली कुठलीही एक पायरी गाळली तरी चालेल, पुठ्ठ्याची नाही.

तिथेच पुठ्ठ्यांच्या ढिगात बसून दुसरी गोष्ट सुचली. आमच्या ओट्याखाली तळाला कडाप्पा नाही, घराचीच मोझॅकची फरशी आत गेलीय. म्हणजे दारासमोरच्या भागाला चॅनेल कशाला हवेत? त्याला चाकं लावू. ती चाकांची ट्रॉली पूर्ण बाहेर येईल, बाजूला जाऊन उभी राहील आणि फट खरोखर रिकामी होईल. मग दडलेल्या जागेत बसवलेला प्लायचा सांगाडा सरकत फटीत येईल, आणि त्या सांगाड्यावरचा ट्रे पुन्हा आपल्याकडे पुढे येईल. सांगाडा आडवा चालतो, ट्रे मागे-पुढे चालतो. आधी हे चालणं ठरवलं, खोक्यांची मापं त्यातून आपोआप निघाली.

ती अशी निघाली. फट पावणेसतरा, म्हणून सांगाडा सोळा इंच रुंद. आडवे सरकणारे चॅनेलही सोळा इंचांचे, कारण पूर्ण उघडणारं टेलिस्कोपिक चॅनेल साधारण स्वतःच्या लांबीइतकंच बाहेर येतं. चॅनेल फटीच्या कडेपासून आत बसवायचं, की सांगाडा सोळा इंच सरकून बरोबर फटीत येतो. सांगाड्याच्या दोन्ही बाजू १८ मिमी प्लायच्या, त्यांचा मिळून जवळजवळ दीड इंच गेला. ट्रेच्या दोन चॅनेलना एक इंच गेला. उरला साडेतेरा इंचांचा ट्रे. आमचं मोदकपात्र कडीसकट बारा इंच भरतं, म्हणून ट्रेच्या बाजू १२ मिमी प्लायच्या केल्या. आत साडेबारा इंच मिळाले. मोदकपात्र बसतं म्हटल्यावर बाकीची चिंता मिटली.

आणखी एक बघावं लागलं. ट्रे पुढे येताना दाराच्या बिजागरीला घासता कामा नये. दार नव्वद अंशांत उघडलं तरी त्याची जाडी फटीत थोडी येतेच. आमचा ट्रे सांगाड्याच्या मधोमध असल्याने बिजागरीच्या बाजूला दोन इंच मोकळे राहिले.

सामानात मी एकाच गोष्टीवर हात सैल सोडला, तो प्लायवर. ओट्याखाली दमट असतं, शेजारच्याच खणात सिंकचा पाइप आहे. मरीन प्लाय घेतलं, ज्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. दुकानात सांगताना लोक नुसतं 'वॉटरप्रूफ' म्हणतात, पण शिक्का पाहून घ्यावा. चॅनेल बॉल-बेअरिंगचे, ४५ मिमी उंचीचे, जोडीला ३५ किलो भार लिहिलेले. सोळा इंचांची एक जोडी आडवी चालायला, चौदा इंचांची एक ट्रेला. ट्रे अठरा इंच खोल आहे, पण चौदाच इंच पुढे येऊ दिला. पूर्ण बाहेर आला तर वजन फार पुढे जातं. क्लॅम्प आणि कडाप्प्यासाठीचे बिट आणायला मुंबईत मशीद बंदर स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेले. या वस्तू डोंबिवलीतही मिळतात, पण तिथे दहा प्रकारचे क्लॅम्प हातात घेऊन बघता येतात आणि दुकानदार कंटाळत नाहीत.

कडाप्प्याला भोक पाडायची मला भीती होती. हा आंध्रातल्या कडप्पा भागातला काळा चुनखडीचा दगड, थरांचा. ड्रिल मशीन हॅमरवर ठेवून दाबलं तर मागच्या बाजूने पापुद्रा सुटतो, कधी अख्खी लादी तडकते. आमच्या इमारतीत निवृत्त झालेले एक गवंडी राहतात, आम्ही त्यांना मिस्त्रीकाका म्हणतो. त्यांना बोलावलं. त्यांनी आधी नखाने कडाप्पा वाजवून पाहिला.

"कुठे पोकळ नाही ना, ते ऐकायचं," म्हणाले. "आता हॅमर बंद कर. हळू फिरव. दाबायचं नाही, त्याला त्याच्या चालीने जाऊ दे."

पहिलं भोक त्यांनी पाडलं. मी बाटलीने थेंब थेंब पाणी सोडत होते आणि भोकातून राखाडी गाळ ओघळत होता. उरलेली तीन मी पाडली. प्रत्येकाला चार-पाच मिनिटं लागली. कडाप्प्यावर थेट चॅनेल न लावता आधी १८ मिमी प्लायची रुंद पट्टी बसवायची, हे काकांनीच सुचवलं. "दगडात एकदाच भोक पडतं. चॅनेल हलवावं लागलं तर लाकडात दहा वेळा हलव." मागच्या भिंतीलाही तशीच पट्टी लावली. हा सल्ला किती मोलाचा होता ते आठवड्याने कळलं.

जोडणीचं फार लिहिण्यासारखं नाही. फेविकॉल लावून क्लॅम्प करून रात्रभर ठेवायचं, मग स्क्रू. स्क्रूच्या आधी बारीक बिटाने वाट करून घ्यायची, नाहीतर प्लायची कड फुगते. कापलेल्या प्रत्येक कडेला, अगदी खालच्या न दिसणाऱ्यालाही, पट्टी चिकटवली, कारण प्लाय पाणी पितं ते कडेने.

खरी कसोटी आडव्या चॅनेलची. एक पुढच्या कडाप्प्यावर, एक मागच्या भिंतीवर, आणि दोन्ही एकमेकांना समांतर हवीत. आमच्याकडे दोन टोकांना दोन सुतांचा फरक आधीच होता. पट्ट्या भिंतीला चिकटवून बसवल्या आणि सांगाडा ढकलला, तर सात इंच छान आला आणि तिथेच घट्ट अडकला. जोर लावला असता तर चॅनेलमधले छर्रे निसटले असते. सांगाडा काढला. मागची पट्टी एका टोकाला सैल करून तिच्यामागे सनमायकाचे तुकडे सरकवत गेले. सनमायका एक मिलिमीटरचा असतो, पॅकिंगला त्याच्यासारखं काही नाही. पाणसळ चॅनेलवर धरायची, टेपने दोन्ही टोकांचं अंतर मोजायचं, एक तुकडा वाढवायचा, पुन्हा सांगाडा सरकवून बघायचा. सहा तुकड्यांवर सांगाडा एका बोटाने सोळा इंच आला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आईला उठवून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी भांडी भरली आणि वाईट झालं. सगळी भांडी बाथरूममधल्या वजनकाट्यावर तोलली होती, १९ किलो. चॅनेलवर ३५ लिहिलेले, म्हणून मी निर्धास्त होते. सांगाडा फटीत आणला तर त्याचं मोकळं टोक चांगलं चार सूत खाली वाकलं. ट्रे पुढे ओढला तेव्हा पुढचा कोपरा आणखी उतरला आणि सांगाड्याची खालची कड फरशीला घासली. मोझॅकवर पांढरा ओरखडा उमटला, तो अजून आहे. मी भांडी काढून ठेवली आणि दोन दिवस त्या दाराला हात लावला नाही.

चॅनेलची चूक नव्हती. जोडीला लिहिलेला भार दोन्ही चॅनेलवर सारखा पडला तर खरा. सांगाडा बाहेर आला की आधीच तो एका टोकाने लटकलेला असतो. त्यावर ट्रे पुढे ओढला की जवळजवळ सगळं वजन पुढच्या एकाच चॅनेलवर जातं, आणि तेही पीळ देत. दोन दिशांना चालणारं काही करायचं असेल तर किलोच्या आकड्यावर विसंबून राहू नये. वजन प्रत्येक हालचालीच्या शेवटी कुठे उभं आहे ते बघावं. मी ते पुठ्ठ्यावर पाहिलं नव्हतं, कारण पुठ्ठ्याला वजन नसतं.

उपाय मिस्त्रीकाकांना न विचारताच सापडला. ओझं खालून उचलायचं. सांगाड्याच्या मोकळ्या टोकाखाली, पुढे एक आणि मागे एक, अशी दोन छोटी रबरी फिक्स चाकं लावायची, फक्त डावी-उजवीकडे फिरणारी. अडचण इतकीच की सांगाडा फरशीपासून एकच इंच वर होता आणि चाकाला ब्रॅकेटसकट दोन इंच लागत होते. म्हणजे दोन्ही चॅनेल एक इंच वर घ्यायचे. इथे ती प्लायची पट्टी कामाला आली. स्क्रू काढले, इंचभर वर नव्या वाटा पाडल्या, पुन्हा आवळले. कडाप्प्याला एकही नवं भोक नाही. चाकं मोझॅकच्या सांध्यावरून जाताना खडखडत होती, म्हणून खाली सनमायकाची एक लांब पट्टी चिकटवली. आता चॅनेल फक्त वाट दाखवतात, वजन चाकं वाहतात. १९ किलो भरून, ट्रे पूर्ण पुढे ओढून मोजलं. टोक एक सूतही उतरत नाही.

सांगाडा ओढायचा कुठून, हा प्रश्न आईने विचारला. मी खाली एक हँडल लावलं होतं, पण त्यासाठी तिला वाकावं लागलं असतं. मग तिला स्वयंपाकघरातल्या तिच्या खुर्चीवर बसवलं, हात सैल पुढे करायला सांगितला आणि फरशीपासून तिच्या मुठीपर्यंतची उंची मोजली. २१ इंच. सांगाड्याच्या फटीकडच्या बाजूला, अगदी पुढे, तेवढ्या उंचीची प्लायची उभी काठी लावली आणि तिच्या माथ्याजवळ हँडल. मुठीत मावेल असं गोल घासून, तीनदा पॉलिश पेपर मारून. ट्रे दोन बाजूंच्या मधून येतो, त्यामुळे काठी आड येत नाही. या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त आवडतं ते हे हँडल.

ट्रॉली सोपी होती. सोळा इंच रुंद, वीस खोल, वर कांदे-बटाटे, खाली तेलाचा डबा आणि पोह्या-रव्याचे डबे. रोजचं सामान इथे, सणाचं आत. चार चाकं, त्यातली पुढची दोन ब्रेकवाली. ब्रेक घेतले ते बरं झालं. आमच्या स्वयंपाकघराला मोरीकडे उतार आहे, पहिल्याच दिवशी ट्रॉली आपली आपण हळूहळू निघाली होती.

ट्रेवर उंची मोकळी दिसली की दुसरा मजला करायचा मोह होतो. मला दोघांनी तसं सुचवलंही. मी केला नाही. वजन वर गेलं की पुढे आलेला ट्रे डुलतो, आणि वरच्या मजल्याखालचं पुन्हा दिसेनासं होतं. त्यासाठीच तर हे सगळं चाललं होतं. दडलेल्या जागेच्या अगदी शेवटी, चॅनेलच्या पलीकडे, साडेसहा इंच राहतात. तिथे सांगाडा पोचत नाही. ती जागा मी सोडून दिली. तिथे आता फक्त आजीचा वरवंटा आहे, तो कुणी काढत नाही.

खर्च प्लाय, चॅनेल, चाकं, सनमायका, स्क्रू धरून सव्वापाच हजारांच्या आसपास आला, क्लॅम्प वेगळे. वेळ पाच रविवार आणि मधल्या बऱ्याच रात्री. पुन्हा करायचं झालं तर चाकं पहिल्या दिवसापासून लावीन आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात विटा भरून बघीन. महिन्यातून एकदा स्क्रू तपासते. पट्टीचे दोन स्क्रू पहिल्या महिन्यात किंचित सैल झाले होते, नंतर नाही.

भांडी कुठे काय ठेवायची ते मी ठरवलं होतं. आईने चार दिवसांनी सगळं बाहेर काढून तिच्या मनासारखं लावलं. पितळेची पातेली मागे, आप्पेपात्र उभं, पुरणयंत्र त्याच्या जाळ्यांसकट एका कापडी पिशवीत, आणि मोदकपात्र सगळ्यात पुढे.

गेल्या संकष्टीला मला ऑफिसातून यायला उशीर झाला. दार उघडलं तर घरभर उकडीचा आणि हळदीच्या पानांचा वास. आई खुर्चीवर बसून कळ्या पाडत होती, ओट्यावर मोदकपात्राखाली गॅस बारीक केलेला. ट्रॉली फ्रीजपाशी उभी होती, ब्रेक लावलेला.